लेकीचं बाळंतपण करतेय, पण तिचं मन कशातच नाही. कुणाकडे न्यावं?

बार्शीची_आजी | मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी बार्शीला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सिझेरियन पुण्यात झालं, टाके भरून आल्यावर तिला इकडे आणली. मुलगी झाली आहे. बाळाचं वजन छान वाढतंय, आता दीड महिन्याचं होईल.

काळजी लेकीची आहे.

सुरुवातीला ती रडायची तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. ओल्या बाळंतिणीला रडू येतंच, पान्हा उतरायच्या दिवसांत जीव कासावीस होतो, हे घरातल्या सगळ्या बाळंतपणांत पाहिलेलं आहे. पण हे काही थांबेना. आता तर ती रडतही नाही. बाळाला पाजते, ढेकर काढते, दुपटं बदलते, सगळं वेळच्या वेळी करते, पण बाळाच्या तोंडाकडे बघत नाही. अळिवाची खीर पुढ्यात ठेवली तर गार होऊन जाते. डिंकाच्या लाडवांचा डबा भरलेला तसाच आहे. वेणी घालू का विचारलं तर "राहू दे गं आई" एवढंच.

झोपही नाही. मालिशवाली बाई बाळाला न्हाऊ-माखू घालून जाते, त्यानंतर बाळ दोन-दोन तास गाढ झोपतं. ही मात्र जागीच. सारखी उठते आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघते.

परवा जे झालं त्यानंतर मला राहवेना. मी स्वयंपाकघरात विळीवर भोपळा चिरत बसले होते. ती बाळाला घेऊन दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरच थांबली. म्हणाली, "आई, ती विळी आधी आत ठेव." मला वाटलं, बाळाला लागेल म्हणून म्हणतेय. मी विळी मिटून फडताळात टाकली. रात्री मात्र माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "माझ्या डोक्यात फार वाईट विचार येतात. विळी दिसली की माझ्याच हातून बाळाला काही होईल असं वाटतं. हिला दुसरी आई मिळायला हवी होती." मी तिला जवळ घेतलं, पण बोलायला काही सुचलं नाही.

इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टॉनिक लिहून दिलं, होईल कमी म्हणाले. शेजारच्या बायका बाहेरचं काही असेल म्हणतात. विहीणबाई फोनवर म्हणतात, आम्ही शेतातली कामं करून पोरं वाढवली, आम्हाला कुठे वेळ होता असल्या गोष्टींना. जावई शनिवारी-रविवारी येतात. मुलगा समंजस आहे, पण त्यांना "थकवा आहे" एवढंच माहीत आहे.

तिला मानसोपचाराच्याच डॉक्टरांकडे न्यावं का? गोळ्या सुरू झाल्या तर अंगावरचं दूध तोडावं लागेल का? आणि तिला सगळ्यात मोठी भीती ही आहे की डॉक्टरांना विळीचं सांगितलं तर बाळ आपल्यापासून काढून घेतील. कुणाला माहिती असेल तर कृपा करून सांगा.

अक्कलकोट_काकू | बुधवार, सकाळी ७:०५

ताई, घाबरू नका. सव्वा महिना सरला की बाई हळूहळू माणसात येते. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या उतरवून टाका, तिच्या उशाशी रामरक्षा म्हणत जा. माझ्या सुनेचं असंच झालं होतं, पुढे सगळं सुरळीत झालं. तुमच्या लेकीचंही होईल, स्वामींवर विश्वास ठेवा.

नाशिककर_दोघांची_आई | बुधवार, दुपारी १:३०

आजी, तुमचं विळीचं वाचलं आणि ऑफिसातून उठून बाहेर येऊन हे लिहितेय.

माझ्या बाबतीत ती गॅलरी होती. आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. मोठ्या मुलाच्या वेळी मी बाळाला घेऊन गॅलरीच्या दाराजवळसुद्धा जायचे नाही. कपडे वाळत घालायला नवऱ्याला पाठवायचे आणि कंबर दुखते असं कारण सांगायचे. डोळ्यांपुढे एक चित्र यायचं, ते इथे लिहिणार नाही, तुम्ही समजून घ्याल. मला वाटायचं, असा विचार ज्या बाईच्या मनात येतो ती राक्षसीणच असणार. म्हणून कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. काळजी करण्यापेक्षा ते लपवण्यातच माझी सगळी शक्ती जात होती.

शेवटी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी रक्तदाब विचारावा इतक्या सहज विचारलं, "बाळाला काही होईल किंवा तुमच्या हातून काही होईल अशी चित्रं डोळ्यांपुढे येतात का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला तिथेच रडू फुटलं. हे त्यांनी आधी ऐकलेलं होतं, कित्येकींकडून ऐकलेलं होतं! त्यांनी समजावलं की हे विचार नको असताना घुसतात, बाईला त्यांची किळस येते, भीती वाटते, आणि म्हणूनच ती गॅलरी टाळते, सुरी लपवते. तुमची लेक विळी आत ठेव म्हणाली ते बाळाला जपण्यासाठीच म्हणाली.

मला सर्ट्रालीन नावाची गोळी दिली. दूध तोडायला सांगितलं नाही. ही गोळी दुधात फार थोडी उतरते म्हणून पाजणाऱ्या आयांना बरेचदा हीच देतात, असं त्यांनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं. पण सगळ्याच गोळ्यांचं असं नसतं. त्यामुळे आत गेल्या गेल्या "बाळ अंगावर पितं" हे सांगाच, आणि जुनी घरातली किंवा दुसऱ्याची गोळी चुकूनही देऊ नका.

गोळी लगेच लागू पडत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. सुरुवातीला मला मळमळायचं आणि वाटायचं, झालं, हेही उपयोगाचं नाही. साधारण तिसरा आठवडा असेल. सासूबाई सकाळी पोहे करत होत्या. फोडणीचा वास आला आणि मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी कशाची तरी इच्छा झाली होती. तिथून हळूहळू वर आले. मधे पुन्हा वाईट दिवस येत राहिले, पण ते दिवसच राहिले. गोळ्या वर्षभर चालल्या, मग डॉक्टरांनीच कमी करत आणून थांबवल्या.

घरच्यांच्या एका गोष्टीचा खरा उपयोग झाला. रात्री ११ ते पहाटे ४ बाळ सासूबाईंच्या खोलीत. मी काढून ठेवलेलं दूध त्या वाटी-चमच्याने पाजायच्या. तेवढी सलग झोप मिळाली नसती तर गोळीने एकटीने काय केलं असतं कुणास ठाऊक. आणि एक विनंती. "इतकं गोड बाळ आहे, हस की जरा" हे तिला कुणी म्हणू नये. बाळ गोड आहे हे तिला दिसतंय, तरी आत काही हलत नाही, तेच तर तिचं दुःख आहे. जावयांना मात्र विळीसकट सगळं सांगा.

काकूंनी रामरक्षा सांगितली, ती जरूर म्हणा. पण ती म्हणून सोलापूरची गाडी पकडा.

मिरजेची_परिचारिका | बुधवार, रात्री ९:५०

मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात काम करते. नाशिकच्या ताईंनी बरंचसं सांगितलंय. राहिलेलं मी लिहिते, जरा मोठं होईल.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड, हे बहुतेक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही. तुमची लेक ती मुदत कधीच ओलांडून गेली आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन कशातच नसणं, भूक नसणं, बाळ झोपलं तरी झोप न येणं, मी नालायक आहे असं वाटणं, हा आजार आहे, नैराश्य. टॉनिकने तो जाणार नाही. उपचारांनी बरा होतो. हो, मानसोपचाराच्याच डॉक्टरांकडे न्या. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तोवर रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेली-मानसचा नंबर १४४१६ लावा. केंद्र सरकारची सेवा आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विळी बघून घाबरणारी बाई वेगळी आणि मी सांगते ती अवस्था वेगळी. बाई अचानक असंबद्ध बोलू लागली, झोप नसूनही अंगात जोर संचारल्यासारखी वागू लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, घरच्यांवर संशय घेऊ लागली, हे बाळ माझं नाही, बदललंय, याच्यात देव किंवा सैतान आहे असं म्हणू लागली, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आणि बाळापाशी तिला एकटं सोडायचं नाही. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. आधी तिला किंवा घराण्यात कुणाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार) असेल तर धोका जास्त असतो. तुमच्या लिहिण्यात मला हे काही दिसत नाही, पण समोर तुम्ही आहात, म्हणून सांगून ठेवते. आणि दोन्हींतला फरक पक्का करणं डॉक्टरांचं काम आहे, तेव्हा जाणं लांबवू नका.

तिला स्पष्ट विचारा: "जीव नकोसा होतो का? मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बाई मोकळी होते. आमच्याकडे बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला एडिंबरा प्रश्नावली वापरतात. १९८७ सालापासून जगभर चालते, मराठीतही आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याचे १० प्रश्न, एकूण ३० गुण. १३ किंवा जास्त आले की डॉक्टर सखोल तपासतात. पण दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याचं उत्तर जरा जरी "हो"कडे झुकलं तरी बाकीचे गुण कितीही असोत, तिला एकटं ठेवायचं नाही आणि लगेच आणायचं.

बाळ काढून घेण्याचं म्हणाल, तर तिला हे वाचूनच दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की आई दाखल झाली तरी तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. आईच्या आजारामुळे बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच काही काळ वेगळं ठेवतात, तेही दर १५ दिवसांनी पुन्हा तपासून, आणि तेव्हाही देखरेखीखाली आईला बाळ भेटतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तर २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा वेगळा कक्ष आहे. तुमच्या लेकीला दाखल करायची वेळ येईलच असं नाही, बहुतेकींना येत नाही.

रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड नक्की. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी असाच थकवा आणि उदासी येते. झोपेची गोळी दिली तर ती घेतलेल्या रात्री बाळाला तिच्या कुशीत झोपवू नका. आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवत असाल तर दारं-खिडक्या बंद करून ठेवू नका, हे विषय सोडून आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक विचारू का? गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात येणाऱ्या बायकांवर झालेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला होता. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं, या गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसला. तुमच्या लेकीला गरोदरपणात कसं वाटत होतं? आणि मुलगी झाली म्हणून कुणी काही बोललंय का? मला उत्तर नको, पण तिला विचारा.

बार्शीची_आजी | शुक्रवार, रात्री १०:१५

तुम्हा सगळ्यांचे उपकार. नाशिकच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. गॅलरीचं आलं तसा तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे असं आणखी कुणाला होतं?"

परिचारिकाताई, तुम्ही विचारायला सांगितलं तसं विचारलं. मरावंसं वाटतं का, तर म्हणाली, "मरावंसं नाही, पण सकाळी जाग आली नाही तर बरं असं वाटतं." दुसरं, सातव्या महिन्यापासून तिला झोप नव्हती आणि ऑफिसला जाताना कॅबमध्ये रडायची. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. डोहाळजेवणात तर फोटोंत हसतेय. आणि हो, बोललंय. दवाखान्यातच, बाळ पाळण्यात असताना, विहीणबाई म्हणाल्या होत्या, "असू दे, पुढच्या खेपेला बघू." माझ्यासमोर नाही म्हणाल्या. जावई शेजारी उभे होते आणि काही बोलले नाहीत. ते तिच्या मनात रुतून बसलंय.

मी रात्रीच जावयांना फोन केला आणि सगळं सांगितलं, विळीचं, कॅबचं आणि ते वाक्यही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आई, मी सकाळच्या गाडीने निघतो." आलेत. उद्या सोलापूरला जातोय. बाळही बरोबर घेतोय. तोवर रात्री मी तिच्याच खोलीत झोपते.

मिरजेची_परिचारिका | शुक्रवार, रात्री १०:४०

"जाग आली नाही तर बरं" हे वाक्य उद्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, सौम्य करून नको. आज रात्री तिला एकटं सोडू नका, औषधं आणि फिनेलसारख्या वस्तू कुलपात ठेवा. सिझेरियनची फाइल आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. डॉक्टरांशी तिला थोडा वेळ एकटीने बोलू द्या.

पुण्यातला_बाबा | शनिवार, सकाळी ८:३०

आजी, हे तुमच्या जावयांसाठी आहे, त्यांना दाखवा.

दादा, माझ्या बायकोला हे झालं तेव्हा मला वाटायचं की मी पैसे आणतोय, दवाखान्यात नेतोय, माझं काम झालं. तिला हवं होतं ते वेगळंच. माझ्या आईसमोर मी तिची बाजू घ्यावी, एवढंच. एकदा मी आईला नीट सांगितलं, आवाज न चढवता, की या घरात मुलीवरून कुणी काही बोलणार नाही. आई रागावली, आठवडाभर बोलली नाही, पण पुन्हा तो विषय निघाला नाही. शक्य असेल तर घरून काम मागून घ्या आणि बार्शीलाच राहा. रात्रीची एक पाळी तुमची. आणि तुमचंही मन बसलं, काम सुचेनासं झालं, तर त्याच डॉक्टरांना सांगा. बापांनाही होतं.

बार्शीची_आजी | तीन आठवड्यांनंतर, रविवार

कळवायचं राहून गेलं होतं, हातात वेळच नव्हता.

डॉक्टर फार चांगल्या भेटल्या. लेकीशी आधी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. नैराश्य आहे आणि सोबत ते नको असलेले विचार येण्याचा त्रास आहे, दोन्हींवर एकच गोळी चालेल म्हणाल्या. नाशिकच्या ताईंनी लिहिलेलीच निघाली. दूध चालू आहे. थायरॉइड ठीक आलं, हिमोग्लोबिन कमी होतं, त्याची वेगळी गोळी. विळीबद्दल म्हणाल्या की घरातली सगळी धारदार भांडी लपवत बसू नका, त्याने भीती वाढते. हळूहळू तिला तिथे बसू द्या, तुम्ही जवळ असा. समुपदेशनाला दर आठवड्याला जातोय.

जावई इथेच आहेत, माडीवर लॅपटॉप घेऊन बसतात. रात्री ११ ते ४ आम्ही दोघं वाटून घेतो, वाटी-चमच्याने पाजायला ते छान शिकले. त्यांनी त्यांच्या आईशी काय बोलणं केलं ते मी विचारलं नाही, पण विहीणबाईंनी परवा नातीसाठी वाळे पाठवले.

लेक पूर्ण बरी झालेली नाही. संध्याकाळी दिवेलागणीला अजून तिचा चेहरा उतरतो. पण जेवते. सकाळी जाग येते त्याचं आता वाईट वाटत नाही, असं आपणहून म्हणाली. काल बाळाला मांडीवर घेऊन मेथी निवडत बसली होती, मी शेजारी विळीवर कांदा चिरत होते. तिने बघितलं, थोडी थांबली आणि निवडत राहिली.

आता एक प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात ती पुण्याला जायचं म्हणतेय. बरं वाटतंय तर गोळी तिथे जाऊन बंद केली तर चालेल का, असं जावई विचारत होते.

मिरजेची_परिचारिका | रविवार, रात्री ९:००

बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, आणि एकदम सोडली की चक्कर, बेचैनी होते आणि आजार उलटतो. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालते, किती ते डॉक्टर ठरवतील. निघण्याआधी सोलापूरच्या डॉक्टरांकडून निदान आणि गोळीचं प्रमाण लिहिलेला कागद घ्या, पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ इथूनच ठरवा आणि गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या बरोबर द्या. नोकरीची रजा २६ आठवड्यांची असेल तर ती संपायच्या सुमाराला पुन्हा एकदा दाखवायचं ठरवून ठेवा, कामावर रुजू होताना बऱ्याच जणींना त्रास होतो. पुढचं बाळ हवं असेल तेव्हा गरोदर राहण्याआधीच हा कागद घेऊन डॉक्टरांना भेटायचं, हे जावयांनाही सांगून ठेवा. आणि तुम्ही, आजी, दुपारी थोडं आडवं होत जा.